पॅच बसला, पण जुनाच कर्नल धावतोय

पॅकेज मॅनेजर म्हणतो, 'सगळं अद्ययावत आहे.' सुरक्षा-स्कॅनर काही तासांनी त्याच मशीनवर लाल खूण करतो. दोघांचंही खरं असतं. नवा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, डिस्कवर येऊन बसलेला असतो आणि मेमरीत मात्र चार महिन्यांपूर्वी चालू झालेला जुनाच कर्नल काम करत असतो. हल्लेखोराचा संबंध मेमरीतल्या कर्नलशी येतो, डिस्कवरच्या फाइलशी नाही. कर्नलच्या सुरक्षा-अपडेटमधली बहुतेक कटकट या दोन कर्नलांमधलं अंतर मिटवण्याची आहे. पॅकेज उतरवून घेणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

पुढचं सगळं प्रामुख्याने लिनक्स सर्व्हरबद्दल आहे. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

कर्नलमधलं भोक इतर भोकांपेक्षा वेगळं का, तर कर्नलच्या वर कोणी पहारेकरी नाही. फाइलच्या परवानग्या, वापरकर्त्यांमधल्या भिंती, कंटेनरची (एकाच मशीनवर वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रामची) कुंपणं हे सगळं कर्नलच राबवतो. त्यालाच फसवलं की बाकीचे नियम नावापुरते उरतात. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये उघड झालेलं 'डर्टी काउ' (सीव्हीई-२०१६-५१९५; सीव्हीई म्हणजे त्रुटीला मिळणारा जाहीर क्रमांक) घ्या. 'कॉपी-ऑन-राइट' या व्यवस्थेत दोन धाग्यांची शर्यत लावून, फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलमध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिता येत होतं. हा दोष २००७ च्या २.६.२२ या आवृत्तीपासून शोषणयोग्य होता. गंमत म्हणजे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तो त्याआधीच, २००५ मध्ये, दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता. पण दुसऱ्या एका प्रोसेसरवर अडचण आल्याने ती दुरुस्ती मागे घेतली गेली. हे त्यांनीच २०१६ च्या दुरुस्तीबरोबरच्या टिपणीत लिहिलं आहे.

अशा त्रुटींना गांभीर्याच्या मोजपट्टीवर बहुतेक वेळा दहापैकी ७.८ गुण मिळतात. हल्ल्यासाठी मशीनवर आधी साधं खातं लागतं, म्हणून नऊच्या वर जात नाहीत. हा आकडा पाहून 'आत यायलाच मिळत नाही, मग घाई कशाला' असं म्हणणारे भेटतात. पण आत येणं म्हणजे पासवर्ड चोरून लॉगइन करणंच असतं असं नाही. वेब ॲप्लिकेशनमधल्या एखाद्या फटीतून वेब सर्व्हरच्या खात्याने एक कमांड चालवता आली, तरी 'आत आलो' एवढं पुरतं. तिथून रूटपर्यंतची (मशीनच्या सर्वाधिकारी खात्यापर्यंतची) शिडी कर्नलची त्रुटी पुरवते. ज्या मशीनवर अनेकांची खाती आहेत, बाहेरून आलेला कोड तपासण्यासाठी चालवला जातो किंवा कंटेनर भाड्याने दिले जातात, तिथे तर ७.८ हा आकडा मनातल्या मनात नऊच्या पुढे न्यावा. कंटेनर कितीही असले तरी कर्नल यजमान मशीनचा एकच असतो. कंटेनरची इमेज नव्याने बांधून कर्नलची त्रुटी जात नाही. हे माहीत असूनही इमेजच्या अहवालात कर्नलचं पॅकेज शोधत बसलेली मंडळी दिसतात.

बातमी आली की पहिलं काम ठरवायचं ते हे, की आपलं मशीन त्या त्रुटीच्या कक्षेत येतं का. इथेच बहुतेकांची पहिली चूक होते: यूनेम -आर (चालू कर्नलची आवृत्ती सांगणारी कमांड) चालवायचं, येणारा आकडा मूळ कर्नल प्रकल्पाच्या 'अमुक आवृत्तीत दुरुस्त' या आकड्याशी ताडायचा आणि घाबरायचं किंवा निश्चिंत व्हायचं. वितरणं (डेबियन, उबुंटू, रेड हॅट यांसारखे लिनक्सचे तयार संच) असं काम करत नाहीत. रेड हॅट ९ मालिकेत कर्नलचा आकडा ५.१४.० असाच राहतो. नवीन दुरुस्त्या त्याच जुन्या खोडावर कलम केल्यासारख्या बसवल्या जातात आणि फक्त पुढचा बिल्ड क्रमांक वाढतो. याला बॅकपोर्ट म्हणतात. डेबियन १२ मध्ये आणखी वेगळी गंमत आहे. यूनेम -आर '६.१.०-१८' असं सांगतं, पण तो खरा आकडा नाही. ते मॉड्यूलशी जुळण्यासाठी ठेवलेलं नाव आहे. आतला कर्नल ६.१.७६ असतो आणि तो यूनेम -व्ही विचारल्यावर कळतो. म्हणून आकडे ताडायचे ते आपल्या वितरणाच्या सुरक्षा-सूचनेशी: डेबियनचा सुरक्षा ट्रॅकर, उबुंटूची यूएसएन सूचना, रेड हॅटची आरएचएसए सूचना. रेड हॅट कुळात आरपीएम या पॅकेजच्या कमांडला चेंजलॉग (बदलांची नोंद) विचारून त्यात सीव्हीई क्रमांक शोधला की दोन सेकंदात उत्तर मिळतं. स्कॅनरने लाल खूण केली आणि चेंजलॉगमध्ये क्रमांक सापडला, तर स्कॅनर फक्त आकडा वाचतोय हे उघड आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत लिनक्स कर्नल प्रकल्प स्वतः सीव्हीई क्रमांक देणारी संस्था झाला. तेव्हापासून सुरक्षेशी दूरान्वयाने संबंध असू शकेल अशा प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक मिळतो. त्या मंडळींची भूमिका अशी, की कर्नल कोण कुठे आणि कसा वापरतो हे आम्हाला कळू शकत नाही, तेव्हा कुठली दुरुस्ती तुमच्यासाठी महत्त्वाची हेही आम्ही सांगू शकत नाही; सगळ्या घ्या. परिणामी क्रमांकांचा पूर आला. प्रत्येक क्रमांकाची एक्सेलमध्ये ओळ करून 'लागू आहे, लागू नाही' लिहिण्याची जुनी पद्धत आता टिकत नाही. तरीही ती रेटणाऱ्यांचा वेळ तक्त्यात जातो आणि मशीन तशीच राहतात. आमच्या मते शहाणपणाचा मार्ग एकच: स्थिर मालिकेतलं (फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या आवृत्त्यांमधलं) प्रत्येक अपडेट ठरलेल्या दिवशी घ्यायचं आणि क्रमांकांचा अभ्यास राखून ठेवायचा तो तातडीच्या प्रसंगांसाठी.

याचा पुरावा 'डर्टी पाइप'ने (सीव्हीई-२०२२-०८४७) दिला. मॅक्स केलरमन यांना लॉगच्या दाबून ठेवलेल्या फाइली अधूनमधून बिघडलेल्या मिळत होत्या. त्याचा माग काढता काढता हा दोष सापडला. त्यांनी २० फेब्रुवारी २०२२ ला कर्नलच्या सुरक्षा गटाला कळवलं. २३ फेब्रुवारीला ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ या स्थिर आवृत्त्या दुरुस्तीसह बाहेर पडल्या. जाहीर वाच्यता झाली ७ मार्चला. म्हणजे जे लोक काहीही न वाचता ठरलेल्या आठवड्याला अपडेट घेत होते, त्यांच्यापैकी अनेकांची मशीन त्रुटीचं नाव कानावर येण्याआधीच सुरक्षित झाली होती. उलट बाजूही लक्षात घ्या. दुरुस्तीचा कोड सार्वजनिक असतो, आणि त्यावरून मूळ भोक ओळखणारे लोक रोज तेच वाचत बसलेले असतात.

तातडीचा प्रसंग आला, रीबूटची वेळ मात्र दोन दिवसांनीच मिळणार आहे, अशा वेळी तात्पुरता बंदोबस्त करावा लागतो. त्रुटी कुठल्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कर्नलला गरजेनुसार जोडल्या जाणाऱ्या कुठल्या तुकड्यात, आहे ते पाहायचं. ते मॉड्यूल आपल्याला लागत नसेल तर बंद करायचं. इथे दोन सापळे आहेत. पहिला: एलएसमॉडच्या (चढलेली मॉड्यूल दाखवणाऱ्या कमांडच्या) यादीत मॉड्यूल दिसत नाही म्हणून आपण सुटलो असं समजणं. अनेक मॉड्यूल मागणीनुसार आपोआप चढतात. साध्या वापरकर्त्याने एखाद्या अनवट प्रोटोकॉलचा सॉकेट मागितला की कर्नल स्वतःच ते मॉड्यूल शोधून मेमरीत आणतो. आता ते यादीत नाही, हल्ल्याच्या क्षणी असेल. दुसरा: मॉडप्रोबच्या (मॉड्यूल चढवणाऱ्या कमांडच्या) सेटिंगमध्ये 'ब्लॅकलिस्ट' लिहून थांबणं. ब्लॅकलिस्टमुळे टोपणनावाने होणारं आपोआप चढणं थांबतं, पण कोणी नेमकं नाव घेऊन मागितलं किंवा दुसऱ्या मॉड्यूलला ते लागलं तर ते चढतंच. पक्का बंदोबस्त हवा असेल तर 'इन्स्टॉल' ही ओळ लिहून त्या मॉड्यूलच्या नावापुढे /बिन/फॉल्स द्यायचं, म्हणजे चढवण्याऐवजी 'अपयश' परत करणारा प्रोग्राम चालतो. मॉड्यूल आधीच चढलेलं असेल तर ते उतरवावंही लागतं. नुसत्या ओळीने मेमरीतलं मॉड्यूल जात नाही. आणि ते मॉड्यूल म्हणून नसून कर्नलमध्येच बांधलेलं असेल तर यातलं काहीच चालत नाही. ते /बूटमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये बघता येतं: 'एम' म्हणजे मॉड्यूल, 'वाय' म्हणजे आतच.

दुसरं हत्यार म्हणजे साध्या वापरकर्त्याचे युजर नेमस्पेस बंद करणं. गेल्या काही वर्षांत रूटपर्यंत नेणाऱ्या कित्येक त्रुटींची वाट तिथूनच जाते, कारण नेमस्पेसच्या आत वापरकर्ता स्वतःपुरता रूट होतो आणि एरवी त्याला हात लावता येणार नाही असा नेटवर्कचा कोड त्याच्या हाती येतो. नेटफिल्टरच्या (कर्नलमधल्या फायरवॉलच्या) एनएफ-टेबल्समधली सीव्हीई-२०२४-१०८६ याच जातीची: सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरली जाण्याचा दोष, आणि वाट युजर नेमस्पेसची. दुरुस्ती २०२४ च्या जानेवारीत आली. मे महिन्यात अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने ती 'प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या' त्रुटींच्या यादीत घातली. ज्यांनी मधल्या काळात काहीच केलं नव्हतं त्यांच्यासाठी ती यादी म्हणजे उशिरा वाजलेली घंटा होती. नेमस्पेस बंद करायला सिस्कंट्लमध्ये (चालू कर्नलच्या सेटिंगमध्ये) 'युजर डॉट मॅक्स युजर नेमस्पेसेस' शून्य करायचं. डेबियनमध्ये याच कामासाठी वेगळं बटणही आहे. किंमत मोजावी लागते: रूटशिवाय चालणारे कंटेनर बंद पडतात आणि डेस्कटॉपवर ब्राउझरच्या सँडबॉक्सला त्रास होतो. सर्व्हरवर बहुतेक वेळा कोणाला काही कळतही नाही.

आता खरी तयारी. रीबूटआधी तपासायच्या गोष्टींत सगळ्यात नावडती आणि सगळ्यात जास्त दगा देणारी गोष्ट म्हणजे /बूटमधली जागा. कर्नलची एक इमेज साधारण १० ते १५ एमबीची असते, पण तिच्याबरोबर येणारा इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचं गाठोडं) ५० एमबीपासून १०० एमबीच्या वरही जातो. ग्राफिक्सचे फर्मवेअर आत आले की आणखी फुगतो. जुन्या मशीनवर /बूटचं स्वतंत्र पार्टिशन २५० किंवा ५०० एमबीचं असतं. तीन कर्नल साठले की चौथ्याला जागा नाही. शिवाय नवा इनिटरॅमएफएस बनताना जुन्याच्या शेजारी तात्पुरती फाइल तयार होते, म्हणजे शेवटी लागणाऱ्या जागेपेक्षा बनवताना जास्त जागा लागते. अपडेटआधी डीएफ -एच चालवून किमान २०० एमबी मोकळी आहेत हे पाहायचं. पाच सेकंदांचं काम.

ते न पाहिल्यास काय होतं ते सांगतो. कर्नलची इमेज बसते, इनिटरॅमएफएस अर्धवट राहतो किंवा बनतच नाही, पॅकेज 'अर्धवट जुळवलेलं' अशा अवस्थेत लटकतं. पण ग्रबच्या (बूटच्या वेळी कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रामच्या) मेन्यूमध्ये नवा कर्नल पहिल्या क्रमांकावर येऊन बसू शकतो. पुढच्या रीबूटला कर्नल उठतो, रूट फाइलसिस्टम शोधतो, डिस्कचा ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये असायचा तो सापडत नाही, आणि पडद्यावर कर्नल पॅनिकची (कर्नलने हात टेकल्याची) ती कुप्रसिद्ध ओळ येते: रूट फाइलसिस्टम माउंट करता येत नाही, 'अननोन-ब्लॉक (०,०)'. कंसातली ती दोन शून्यं दिसली की पहिला संशय इनिटरॅमएफएसवर घ्यायचा. डिस्क मेली असं समजून डेटा सेंटरला फोन लावायची घाई करू नये. ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल उठवायचा, सगळ्यात जुना न वापरातला कर्नल पॅकेज मॅनेजरकडूनच काढायचा, लटकलेलं पॅकेज डीपीकेजी --कॉन्फिगर -ए करून पुरं करायचं, इनिटरॅमएफएस नव्याने बनवायचा, ग्रब अपडेट करायचा. /बूटमधल्या फाइली हाताने पुसू नयेत. पॅकेज मॅनेजरला त्या अजून आहेत असंच वाटत राहतं, आणि पुढच्या अपडेटला तो नसलेल्या कर्नलसाठी इनिटरॅमएफएस बनवायला जाऊन पुन्हा अडतो. रेड हॅट कुळात डीएनएफ मुळातच तीनच कर्नल ठेवतो, त्यामुळे तिथे हा प्रसंग कमी. डेबियन-उबुंटूत ऑटोरिमूव्ह नियमित चालवावं लागतं.

पॅकेज बसवताना दोन गोष्टी सुटतात. एक, डेबियन-उबुंटूतली एपीटी-गेट अपग्रेड ही जुनी कमांड नवं पॅकेज कधीच आणत नाही. कर्नलची नवी आवृत्ती मात्र सहसा नव्या नावाचं पॅकेज म्हणून येते. त्यामुळे ही कमांड कर्नलला 'मागे ठेवलं' म्हणून सांगते आणि बाकी सगळं अद्ययावत करून मोकळी होते. नुसतं एपीटी अपग्रेड किंवा फुल-अपग्रेड वापरलं की हा प्रश्न येत नाही. जुन्या स्क्रिप्टमध्ये मात्र ती जुनी कमांड वर्षानुवर्षं बसलेली असते. दोन, मेटा-पॅकेज. 'लिनक्स-इमेज-जेनेरिक' किंवा 'लिनक्स-इमेज-एएमडी६४' हे रिकामं पॅकेज नव्या कर्नलकडे बोट दाखवण्याचं काम करतं. कधी कोणी आकडा देऊन एकच विशिष्ट कर्नल बसवतो आणि साफसफाईत मेटा-पॅकेज काढून टाकतो. त्यानंतर त्या मशीनला कर्नलचं अपडेट येतच नाही. चूक नाही, इशारा नाही, 'सगळं अद्ययावत आहे' एवढंच. अनोळखी मशीन ताब्यात आलं की हे सर्वात आधी पाहावं.

डीकेएमएसबद्दल, म्हणजे बाहेरचे ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी आपोआप बांधणाऱ्या व्यवस्थेबद्दल, थोडं सविस्तर. कर्नलच्या बाहेरचे ड्रायव्हर, म्हणजे एनव्हिडियाचा मालकीचा ड्रायव्हर, व्हर्च्युअलबॉक्स, झेडएफएस ही फाइलसिस्टम, काही नेटवर्क कार्डं, हे प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने कंपाइल व्हावे लागतात. त्यासाठी नेमक्या त्याच आवृत्तीचं हेडर पॅकेज लागतं. ते नसेल तर बांधणी होत नाही. असेल, पण ड्रायव्हरचा कोड नव्या कर्नलमधल्या एखाद्या बदललेल्या फंक्शनशी जुळला नाही, तरी होत नाही. चूक दाखवणारा संदेश शेकडो ओळींच्या मध्यभागी येऊन वाहून जातो. म्हणून रीबूटआधी डीकेएमएस स्टेटस विचारायचं आणि नव्या कर्नलच्या नावापुढे 'इन्स्टॉल्ड' दिसतंय का ते पाहायचं. दिसत नसेल तर /व्हार/लिब/डीकेएमएसखाली त्या मॉड्यूलच्या बिल्ड फोल्डरमध्ये मेक डॉट लॉग असतो. पहिली एरर वाचायची, शेवटची नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर बांधला गेला नाही तर काळा पडदा दिसतो आणि एसएसएचने आत जाता येतं. नेटवर्कचा नाही बांधला गेला तर कन्सोलपाशी जावं लागतं. रूट फाइलसिस्टमच झेडएफएसवर असेल आणि त्याचं मॉड्यूल नसेल तर मशीन उठतच नाही. तीन अपयशांची किंमत इतकी वेगळी आहे, की शेवटच्या प्रकारच्या मशीनवर डीकेएमएस न तपासता रीबूट करणं हा जुगार आहे.

सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलाच कोड उठू देणारी सोय) चालू असेल तर आणखी एक पायरी. मॉड्यूल कंपाइल झालं तरी त्यावर ओळखीची सही नसेल तर कर्नल ते नाकारतो आणि 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं म्हणतो. मॉकयुटिल वापरून आपली किल्ली नोंदवायची असते. पण ती नोंद पक्की होते पुढच्या रीबूटला दिसणाऱ्या निळ्या पडद्यावर, हाताने, आधी ठरवलेला पासवर्ड देऊन. दूरच्या मशीनवर तो पडदा कोणी पाहिलाच नाही तर नोंद होत नाही आणि सगळं पहिल्यापासून. ज्यांना कन्सोल नाही त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

रीबूट. लोक टाळतात ते हे, आणि टाळण्याला कारणही असतं. चारशे दिवस न थांबलेलं मशीन पुन्हा उठेल याची खात्री कोणालाच नसते. मधल्या काळात कोणीतरी एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) चुकीची ओळ घातलेली असते, एखादी सेवा हाताने चालू करून 'एनेबल' करायचं राहिलेलं असतं, फायरवॉलचे नियम फक्त मेमरीत असतात. रीबूटनंतर हे सगळं एकदम बाहेर येतं आणि दोष कर्नलच्या माथी मारला जातो. म्हणून अशा म्हाताऱ्या मशीनला आधी जुन्याच कर्नलवर एकदा रीबूट द्यावा. जे मोडायचं ते मोडू द्यावं, दुरुस्त करावं, मग अपडेट. वेळ दुप्पट लागतो, पण कुठलं दुखणं कोणाचं हे स्पष्ट होतं.

दूरच्या मशीनसाठी ग्रबची एक सोय फार उपयोगी आहे आणि फार कमी वापरली जाते. ग्रबचा डीफॉल्ट 'सेव्ह्ड' ठेवायचा आणि त्यात जुना, खात्रीचा कर्नल नोंदवायचा. मग ग्रब-रीबूट या कमांडने 'फक्त पुढच्या वेळी' नवा कर्नल उठवायला सांगायचं, आणि कर्नलच्या पॅरामीटरमध्ये पॅनिक=१० घालायचं. नवा कर्नल पॅनिक झाला तर दहा सेकंदांनी मशीन स्वतःच रीबूट होतं आणि जुन्यावर परत येतं. नीट उठलं तर नव्याला कायमचा डीफॉल्ट करायचं. यात एक मोठी मेख आहे. 'फक्त एकदा' ही खूण पुसण्यासाठी ग्रबला बूटच्या वेळी आपल्या छोट्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये लिहावं लागतं, आणि ती फाइल एलव्हीएम किंवा सॉफ्टवेअर रेडवर (डिस्क एकत्र बांधणाऱ्या व्यवस्थांवर) असेल तर ग्रब तिथे वाचू शकतो, लिहू शकत नाही. मग खूण पुसली जात नाही आणि मशीन त्याच पडणाऱ्या कर्नलवर दर दहा सेकंदांनी आपटत राहतं. डेबियन-उबुंटूतली ग्रब-रीबूट कमांड याचा इशारा देते. तो दिसला तर ही युक्ती सोडून द्यायची. शिवाय मशीन पॅनिक न होता नुसतं गोठलं, तर पॅनिक=१० काही करत नाही. तिथे हार्डवेअर वॉचडॉग किंवा दूरचा कन्सोलच हवा.

उठल्यावर तपासणी. यूनेम -आर आणि -व्ही दोन्ही. सूचनेत दिलेल्या आकड्याशी जुळतात का. जुळत नसतील तर बहुधा ग्रबचा 'सेव्ह्ड' डीफॉल्ट जुन्यावर अडकलेला असतो. रेड हॅट कुळात ग्रबीला डीफॉल्ट कर्नल विचारला की लगेच कळतं. सिस्टमसीटीएल --फेल्ड मध्ये काही नवं दिसतंय का. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) फर्मवेअर सापडलं नाही अशी तक्रार आहे का.

प्रोसेसरच्या त्रुटींसाठी /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/व्हल्नरेबिलिटीज या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली एकदम वाचायच्या. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर आले तेव्हापासून हे फोल्डर आहे आणि अधूनमधून त्यात एखादी फाइल वाढते. 'नॉट अफेक्टेड' किंवा 'मिटिगेशन' असेल तर ठीक. 'व्हल्नरेबल, बफर साफ करायचा प्रयत्न केला, मायक्रोकोड नाही' अशा अर्थाची ओळ असेल तर कर्नलने आपलं काम केलं आहे, पण प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) जुना आहे. तो वेगळ्या पॅकेजने येतो आणि इनिटरॅमएफएसमधून बूटच्या अगदी सुरुवातीला चढतो. व्हर्च्युअल मशीनच्या आत बसून तो बदलता येत नाही, यजमानाने बदलायचा. कर्नल अपडेट झाला म्हणून प्रोसेसरचीही त्रुटी गेली असं धरून चालणारे अहवाल इथेच फसतात.

रीबूट नकोच असेल तर लाइव्ह पॅच आहे. २०१५ मध्ये ४.० आवृत्तीत याचा पाया मूळ कर्नलमध्ये आला. केपॅच, केग्राफ्ट, कॅनॉनिकलची लाइव्हपॅच सेवा, ओरॅकलचं केस्प्लाइस ही या कुटुंबातली नावं. मूळ कर्नलमधली पद्धत अशी: सदोष फंक्शनच्या सुरुवातीलाच वळण घालून हाक नव्या फंक्शनकडे पाठवायची. उत्तम सोय आहे, पण तिच्या मर्यादा जाहिरातीत छोट्या अक्षरांत असतात. दुरुस्तीत डेटा स्ट्रक्चरचा आकार बदलत असेल तर वळण घालून भागत नाही. बूटच्या वेळी एकदाच चालून गेलेला कोड आता बदलून उपयोग नाही. पॅच विशिष्ट बिल्डसाठीच असतो, आणि काही महिन्यांनी त्या बिल्डसाठी नवे पॅच येणं थांबतं. आणि पॅच एका क्षणात लागतो असंही नाही: चालू असलेली प्रत्येक प्रक्रिया एकेक करून नव्या बाजूला सरकते. एखादी कर्नलच्या आत झोपून राहिली तर सगळं संक्रमण अडतं. /सिस/कर्नल/लाइव्हपॅचखाली त्या पॅचच्या 'ट्रान्झिशन' फाइलमध्ये १ दिसत राहिला तर पॅच अजून पुरा लागलेला नाही. तो शून्य झाला पाहिजे. यूनेम मात्र शेवटपर्यंत जुनाच आकडा दाखवतो, त्यामुळे स्कॅनरशी इथेही भांडण होतंच. आमचं मत असं, की लाइव्ह पॅच रीबूट सोयीच्या वेळेपर्यंत ढकलण्यासाठी वापरावा, रद्द करण्यासाठी नव्हे.

अपडेटच दगा देतं असेही प्रसंग आहेत. २०२३ च्या डिसेंबरमध्ये डेबियनच्या ६.१.६४-१ या कर्नलमध्ये ईएक्सटी४ फाइलसिस्टमचा डेटा बिघडवू शकणारा दोष निघाला. १२.३ ही आवृत्ती त्यासाठी थांबवली गेली आणि ६.१.६६ घेऊन १२.४ आली. कारण शिकण्यासारखं होतं: स्थिर मालिकेत एक बदल बॅकपोर्ट झाला, पण तो ज्याच्यावर अवलंबून होता तो दुसरा बदल आला नाही. २०१८ च्या जानेवारीत इंटेलच्या मायक्रोकोडमुळे मशीन अचानक रीबूट होऊ लागली आणि इंटेललाच तो वापरू नका असं सांगावं लागलं. म्हणून सगळी मशीन एका रात्रीत बदलू नयेत. आधी बिनमहत्त्वाची दोन-चार, पण हार्डवेअर आणि फाइलसिस्टम खऱ्या मशीनसारखंच असलेली; त्यांवर खरा भार येईल असा एक दिवस; मग उरलेल्यांचे दोन-तीन गट. प्रत्यक्ष हल्ले चालू असल्याची खबर असेल तर दिवसाचे तास करावेत, पण पहिला गट वगळू नये.

मागे यायची वेळ आली तर जुना कर्नल उठवायचा आणि बिघडलेली आवृत्ती पुन्हा येऊ नये म्हणून एपीटी-मार्क होल्ड लावायचं. हा होल्ड म्हणजे दारात अडकवलेली वीट आहे. काम झालं तरी तिथेच राहते. दुरुस्त आवृत्ती आली तरी होल्ड लागलेलं मशीन तिला हात लावत नाही. होल्ड लावतानाच तो कधी काढायचा ती तारीख लिहून ठेवावी आणि महिन्यातून एकदा एपीटी-मार्क शोहोल्ड सगळ्या मशीनवर चालवावं.

फोनवरचं थोडक्यात: अँड्रॉइडमध्ये सुरक्षा पॅचची तारीख महिन्याच्या ०१ किंवा ०५ ने संपते. कर्नलच्या आणि चिप बनवणाऱ्यांच्या दुरुस्त्या ०५ च्या पातळीत येतात. ०१ दिसत असेल तर वरच्या थरातल्या दुरुस्त्या मिळाल्या आहेत, त्या महिन्याच्या कर्नलच्या मिळाल्या आहेत असं धरता येत नाही. विंडोजमध्ये कर्नलच्या दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारच्या एकत्रित अपडेटमध्येच येतात, आणि 'नंतर रीस्टार्ट करा' हे बटण तिथेही तेवढंच महाग पडतं.

नवा कर्नल आठ-दहा दिवस नीट चालला की दोन कामं उरतात. त्रुटी असलेले जुने कर्नल डिस्कवरून काढायचे. धावता आणि त्याच्या आधीचा एक, एवढेच ठेवायचे. मेन्यूत पडून असलेला सदोष कर्नल कधीतरी चुकून निवडला जातोच. दुसरं काम तात्पुरता बंदोबस्त उचलण्याचं: मॉडप्रोबमधली 'इन्स्टॉल' ओळ, सिस्कंट्लमधला शून्य. नेमस्पेस बंद ठेवायचेच असतील तर ते ठरवून ठेवावेत आणि त्या फाइलमध्ये कारण, सीव्हीई क्रमांक आणि तारीख टिपणी म्हणून लिहावी, म्हणजे सहा महिन्यांनी कोणाचा रूटशिवायचा कंटेनर सुरू होईना झाला तर शोधणाऱ्याला ती ओळ सापडेल.